बारदाना वजा जाता

मारोतरावमामा उकडलेलं अंडं सोलायचे, टरफलाचा शेवटचा तुकडासुद्धा बोटाच्या टोकानं टिपून घ्यायचे, ते सगळं पितळी तराजूत टाकून तोलायचे आणि मगच अंड्याला मीठ लावायचे. तोवर अंडं गारढोण झालेलं असायचं. त्याची त्यांना फिकीर नव्हती. टरफल किती भरलं ते कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

मग भिंतीवरून हाक यायची. "मास्तरीण! ऐकायलाव का? आज रुपयाला चौदा आणेच माल. दोन आणे निस्ता बारदाना!"

मास्तरीण म्हणजे मी. माझा नवरा आमच्या मानवतच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीण. माझ्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल न बोललेलंच बरं. घरी शिलाईचं मशीन होतं. गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची आणि शिवता शिवता कुणाच्या घरात काय शिजतंय याची खबर ठेवायची, एवढे दोन धंदे मी इमानदारीनं केले. मामांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय ते कळायला मला मशीनसुद्धा थांबवावं लागत नव्हतं.

बारदाना म्हणजे ज्यात माल भरतात ते पोतं. मामांची उभी हयात मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, तोलार म्हणून गेली. ज्वारी, तूर, कापूस, सगळं त्यांच्या काट्यावरून गेलं. मोंढ्याचा कायदा साधा. माल पोत्यासकट तोलायचा आणि पोत्याचं वजन त्यातून वजा करायचं. घेणाऱ्यानं ज्वारी घेतलीय, गोणपाट नाही घेतलं. रिटायर झाल्यावर मामांपुढं ना काटा, ना पोती, ना हमालांची आरडाओरड. रिकामा माणूस कशात तरी हात घालणारच. मामांनी अंड्यात घातला.

"समदं जग तोलून इकतंय," ते म्हणायचे. "मिरची तोलून, गूळ तोलून, सोनं तोलून. मंग अंडंच कामून मोजून? अंड्याला काय शिंगं फुटलीत? अन् टरफल म्हंजे पोतं. पोतं मी खात न्हाई. मंग त्येचे पैसे मी कामून देऊ?"

आता यावर कोण काय बोलणार? पण आठवडी बाजारात गावरान अंडी घेऊन बसणारी एक म्हातारी होती, ती बोलायची. भुश्यानं भरलेल्या टोपलीतून मामा एकेक अंडं काढायचे, तळहातावर झुलवायचे, परत ठेवायचे. म्हातारी पदरानं वारा घेत बघत बसायची. एकदा मामा तिला म्हणाले, "मोठ्या अंड्याचाबी त्योच भाव अन् बारक्याचाबी त्योच. ह्ये कुठलं इमान?"

म्हातारी म्हणाली, "मामा, तुमी एवढे धिप्पाड. माझा म्हातारा काडीवानी. पण परभणीचं एसटीचं तिकीट दोघायलाबी एकच की वो!"

सगळा बाजार हसला. मामा घरी आले. दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनपाशी भिंतीवरून डोकं वर आलं. "सीट एकच लागती," मामा म्हणाले. "म्हून तिकीट एकच. सांगा तिला." आणि डोकं खाली गेलं.

मामांचा हिशेब असा होता. नगाला भाव एकच असेल तर मोठंच अंडं घ्यावं, कारण दोन बारक्या पोत्यांपेक्षा एका मोठ्या पोत्याला गोणपाट कमी लागतं. पण नुसतं डोळ्याला मोठं दिसून भागत नाही. डोळ्याला मोठं आणि हाताला हलकं, ते शिळं. ते आतून वाळलेलं असतं. "माणसाचंबी तसंच हाय," ते पुढं जोडायचे. त्यांना सगळ्याचंच तसं दिसायचं. पुढारी येऊन भाषण करून गेला की मामा म्हणणार, "बारदाना वजा जाता काय सांगितलं त्यानं? पानी येनार म्हनला. कवा, ते न्हाई सांगितलं." माझ्या नवऱ्यानं हौसेनं सफारी शिवली, तर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "कापड झ्याक हाय मास्तर. बारदाना वजा जाता तुमी हाव तेवढेच हाव." मास्तरांनी ती सफारी पुढं फक्त परगावी घातली.

सगळ्यात मोठा अन्याय मामांवर देवानं केला होता. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार तर ज्याचं नाव लावलं त्या मारुतीचाच. या वारी अंडं वर्ज्य. ते एक वेळ चाललं असतं. पण अंड्याचा भाव पडायचा नेमका श्रावणात, सगळं गाव अंडं सोडायचं तेव्हा. मामा भाव विचारून यायचे आणि ओट्यावर हताश बसायचे. "खाता येत न्हाई तवा स्वस्त अन् खायची येळ आली की म्हाग. देवानंबी काय येळ साधलीय बगा!" पण श्रावण मोडला नाही हं त्यांनी. हळहळले, पण मोडला नाही.

अशा माणसाच्या वाटेला उद्धव आला.

उद्धव राणीसावरगावकडचा. घरची शेती भावाच्या हवाली करून त्यानं मानवतला पाथरी रस्त्यावर पोल्ट्री टाकली होती. शेडच्या पुढंच पत्र्याचं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या. पोरगा किडकिडीत, बोलायला कमी, मिशी विरळच. दुकानात त्यानं एकच नियम ठेवला होता. निवडायचं नाही. ट्रेमधून ओळीनं जी अंडी येतील ती घ्यायची. पहिल्याच दिवशी मामांनी ट्रेमध्ये हात घातला आणि उद्धवनं तो हळूच धरला.

"मामा, तोलायचं तर तोला. निवडायचं न्हाई."

"कामून न्हाई? मी गिऱ्हाईक हाव."

"तुमी मोठी मोठी नेल्यावर बारकी कुनाला देऊ? मागं उभं हाय ते गिऱ्हाईक न्हाई का?"

मामांनी हात मागं घेतला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्याच चालीत, इमानाच्या चालीत गप्प केलं होतं. म्हणून ते तिथंच जायला लागले. पिशवीतून तराजू काढायचे, आधी दोन्ही पारडी रिकामी धरून पासंग बघायचे, डझन तोलायचे आणि जमलेल्या लोकांना मोठ्यानं वजन सांगायचे. उद्धव गालात हसायचा. मामा मला येऊन सांगायचे, "पोरगं शिरजोर हाय. पण इमानदार हाय."

लेक सुमन शाळेत असतानाच मामांची बायको वारली होती. सुमन त्यांची एकुलती एक. मॅट्रिक झाली, घर हातात घेतलं, बापाला भाकरी करून घालता घालता लग्नाच्या वयाला येऊन थोडी पुढंही गेली. स्थळं येत होती. सेलूचा एक कारकून येऊन गेला. मामा म्हणाले, "नौकरी हाय, पगार हाय, पण बारदाना वजा जाता पोरगं मुकं हाय." गंगाखेडचा एक आला, तो खूप बोलला. मामा म्हणाले, "ह्येच्यात माल कुठं हाय? समदा बारदानाच." मग गाव बोलायला लागलं. म्हातारा लेकीला उजवणार नाही, त्याला हाताखाली फुकटची रांधणारी हवी आहे, असं बायका माझ्याच मशीनपाशी बसून बोलायच्या. मी तोंडात टाचण्या धरून ऐकायची.

एका दिवाळीत मामा पायरीवरून घसरले आणि गुडघा सुजून टम्म झाला. तेव्हापासून अंडी आणायचं काम सुमनकडं आलं.

पहिल्या खेपेला मामांनी डझन तोलला आणि खाटेवरच उठून बसले. वजन चांगलंच जास्त भरलं. दुसऱ्या खेपेला आणखी. भिंतीवरून आरोळी आली. "मास्तरीण! रक्त कुनाचं हाय! बापाला जन्मात न्हाई असला माल आनला पोरीनं. हाताला वजन कळायलंय तिच्या!"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एखादी गिळलीच असती. कारण सुमनच्या हाताला काय कळत होतं ते मला ठाऊक होतं. पोरगी माझ्याकडं झंपराच्या बाह्या बसवून घ्यायला आली होती आणि अंडी आणायला जायच्या दिवशीच तिला नवं झंपर का लागतं, हे मी तिच्याकडून अर्ध्या तासात काढून घेतलं होतं.

"वैनी, तुमी कुनाला सांगू नगा," ती म्हणाली होती. "त्येंच्या घरचे तयार हायेत. पण आबाला इचारायची हिंमत न्हाई कुनाची. आबा एकदा न्हाई म्हनले की संपलं. मंग परत तो इषय काढता यायचा न्हाई. म्हून थांबलाव."

खरं होतं तिचं. आमच्याकडं मागणी घातली आणि बापानं नाही म्हटलं, तर मुलाकडच्यांचं तोंड कायमचं बंद. परत तेच स्थळ कुणी कुणाच्या दारात नेत नाही. मामांचा तर नाही म्हणायचा हातखंडाच होता. तेव्हा दोघं थांबली होती. किती दिवस थांबायचं ते मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. उद्धवच्या घरी इकडं दुसऱ्या मुली बघायची बोलणी सुरू झाली होती, आणि सुमन ते सांगताना दोऱ्याचं रीळ उगीच उलगडत बसली होती.

आणि हा शहाणा उद्धव तिला अंडी निवडून देत होता!

मामांना शंका यायला वेळ लागला नाही. एका सकाळी त्यांनी आमच्या मास्तरांना पैसे दिले. "जाता जाता डझनभर आना की." मास्तरांनी आणली. मामांनी तोलली. नेहमीसारखी, हलकी. चार दिवसांनी मला पाठवलं. माझीही तशीच. पुन्हा सुमनला पाठवलं. पारडं खाली. मामा तराजू धरून बराच वेळ बसले आणि त्या दिवशी त्यांनी मला वजन सांगितलंच नाही. ते मामांनी वजन न सांगणं मला एवढं भयाण वाटलं की मी मशीनवरचं काम टाकून तडक पाथरी रस्ता धरला.

"अरे शहाण्या," मी उद्धवला म्हटलं, "तुझं प्रेम तराजूत सापडायलंय!"

तो गडबडला. मी सगळं सांगितलं. "फूल द्यायचं असतं रे बाबा, गजरा द्यायचा असतो. अंडी निवडून कोन देतं?"

"गजरा घरी नेला असता तर आबांनी इचारलं असतं, कुनी दिला," तो म्हणाला. "अंडी तर आनायलाच सांगितलेली असतेत." आणि मग खाली बघून म्हणाला, "अन् वैनी, फुलाचं काय करायचं? सांजच्याला सुकतंय."

मी कपाळाला हात लावला. पण वरून खमकं तोंड करून सांगितलं, "हे बघ, म्होरल्या खेपेला बारक्यातली बारकी अंडी भर. एकबी मोठं दिसलं तर मीच येऊन फोडीन. मामाला वाटू दे की मागच्या खेपा निस्ता योगायोग होता." स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक करत मी परत आले. सुमनला मुद्दाम काही सांगितलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही.

ती खेप आली. मी भिंतीपाशी कान लावून उभी. सुमननं पिशवी ठेवली आणि पाणी भरायला आडावर गेली. तराजूच्या साखळ्या वाजल्या. मग शांतता. परत साखळ्या वाजल्या. मामा पासंग बघत होते. पुन्हा तोललं. पुन्हा शांतता. मी मनात म्हटलं, जमलं.

थोड्या वेळानं माझ्या दारात काठीचा आवाज आला. मामा भिंतीवरून हाक मारतात, दारातून येत नाहीत. तो सुजका गुडघा ओढत ते आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. चेहरा पार उतरलेला.

"मास्तरीणबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू का? तुमाला माहीत असंल म्हून. पोरायचं कायी बिनसलं का?"

मी म्हटलं, "कोनत्या पोरायचं?"

"आता नाटक नगा करू. आमच्या सुमीचं अन् त्या पोल्ट्रीवाल्याचं. ह्या खेपेला माल लय हलका आलाय. येवढा हलका तर त्यो परक्या मानसालाबी देत न्हाई. भांडले का काय?"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"मामा! तुमाला माहीत हाय?"

"अवो, जल्म काट्यापाशी गेला माझा. तिसऱ्याच खेपेला कळलं. तुमाला अन् मास्तराला पाठवलं ते निस्तं खातरी करायला."

"मग बोलला न्हाईत ते एवढ्या दिवसांत?"

"काय बोलू? तिकडून कुनी इचाराया आलं का? लेकीच्या बापानं आपल्या तोंडानं जाऊन म्हनायचं, घ्या वो माझी पोरगी?" ते उंबऱ्यावर टेकले. मी आत या म्हटलं तर मान हलवली. काठीच्या टोकानं जमिनीवर उगीच रेघ ओढत राहिले. "अन् खरं सांगू का मास्तरीणबाई? कुनी येऊ नये असंबी वाटायचं. अंडी तोलायची, पारडं खाली गेलं की समजायचं, पोरगी सुखात हाय. अन् पोरगी घरातबी हाय. दोन्हीबी व्हतं माझ्यापाशी. हे चालन्यासारखं न्हाई, मला कळत न्हाई का? पन चालायलंय तवर चालू दिलं. आज ह्यो माल बगितला अन् काळजात धस्स झालं. म्हनलं, माझ्या गप बसन्यापायी पोरीचं वाटुळं झालं."

मला माझ्या अकलेची अशी काही लाज वाटली की विचारू नका. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, बारकी अंडी भरायला मीच सांगितलं होतं म्हणून. मामा माझ्याकडं बघत राहिले. मग एकदम हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं.

"म्हंजे भांडन न्हाई?"

"न्हाई वो मामा."

"लय अवदसा आठवली व्हती तुमाला," ते डोळे पुसत म्हणाले. "जीव घेतला असता माझा. जावा, सांगा त्येंला. यायचं तर या म्हनावं. मी न्हाई म्हननार न्हाई."

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसटी डेपोतून निघायची नाही. राणीसावरगावहून उद्धवचे वडील यायचे म्हणाले की नेमकं काहीतरी निघायचं. दोनदा बैठक पुढं गेली. दोन्ही वेळा सुमनचं जेवण तुटलं आणि मामांचं वाढलं, हे मी भिंतीपलीकडून सांगते. शेवटी एकदाचे पाहुणे आले. मामांच्या ओसरीवर सतरंजी पडली. आमचे मास्तर मध्यस्थ म्हणून बसले, अर्थात सफारी न घालता. मी आणि सुमन दाराआड.

चहा झाला. पाऊसपाणी झालं. देण्याघेण्याचं बोलणं निघणार एवढ्यात मामा म्हणाले, "त्ये नंतर. आधी मला पोराला एक इचारायचंय."

सुमननं माझा दंड धरला. नखं रुतली.

"का रे," मामा म्हणाले, "तुझ्या दुकानात निवड न्हाई, असा नेम तूच केला ना?"

"हौ," उद्धव म्हणाला.

"मला म्हनला, मोठी मोठी तुमाला दिली तर बारकी कुनाला देऊ. म्हनला का न्हाई?"

"म्हनलो."

"मंग माझ्या लेकीला निवडून देत व्हता, तवा त्या बारक्यायचं काय केलं? दुसऱ्याच्या पिशवीत घातली? ह्यो धंदा इमानाचा झाला का?"

उद्धवच्या वडिलांना काही कळेना. हे अंड्यांचं काय चाललंय म्हणून ते एकदा मास्तरांकडं बघत, एकदा मुलाकडं. मास्तर खोकले. मी मनात म्हटलं, घातला घोळ! म्हाताऱ्यानं हो म्हणून सांगितलं आणि ऐन वेळी काटा बाहेर काढला.

उद्धवची मान खाली. कानाच्या पाळ्या लालभडक. "दुसऱ्याला न्हाई दिली," तो म्हणाला. "जेवढी निवडायचो तेवढी बारकी मी घरी नेऊन खायचो. त्येचे पैसे गल्ल्यात टाकायचो."

"अन् नेम कामून मोडला?"

"तिला बारकं द्यायला हात व्हईना."

सुमननं माझा दंड सोडला आणि पदर तोंडाला लावला. मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"मास्तर," ते म्हणाले, "सुपारी फोडा."

लग्न झालं. हुंडा मामांनी दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. शालू नेसलेली, हळद लागलेली, अंगावर दागिने घातलेली सुमन पाया पडायला वाकली, तेव्हा मामांनी तिच्याकडं डोळे भरून बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "बारदाना वजा जाता..." गडी टोपीनं तोंड पुसत मांडवाबाहेर गेला.

सासर कुठं लांब होतं? पाथरी रस्त्यावरच्या दोन खोल्या. चालत गेलं तरी घाम येत नाही. पण आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. जुनी माणसं तर पाणीही पीत नाहीत. आणि उठसूट लेकीच्या दारात जाणं म्हणजे लोकांना बोलायला जागा. त्यात उद्धव सासऱ्याकडून पैसे घ्यायला तयार नाही आणि मामा लेकीच्या घरचं फुकट घ्यायला तयार नाहीत. म्हणजे जावई मिळाला आणि दुकान गेलं! भिंतीवरून हाक यायची बंद झाली. तराजू खुंटीला. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "मामा, मी आणून देते की अंडी." ते म्हणाले, "नगं. आता एकट्यासाठी कोन चूल पेटवायलंय." मी परत मशीन चालवायला लागले.

मग एका रविवारी घरी पाहुणे आले म्हणून मी स्वतः अंडी आणायला गेले. रविवारी उद्धवच्या दुकानासमोर रांग असायची. मॅट्रिक झालेली सूनबाई हिशेबाला चोख, म्हणून गल्ल्यावर आता सुमनच बसायची. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. आणि रांगेत, धुतलेलं धोतर नेसून, हातात रिकामी पिशवी घेऊन, मारोतरावमामा उभे.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, काहीतरी तोडगा निघाला. मी शेवटी उभी राहिले आणि बघत होते. मामांच्या पुढचा माणूस अंडी घेऊन निघाला. आता मामांचा नंबर. मामा मागं वळले आणि मागच्या बाईला म्हणाले, "तुमी घ्या बाई. मला घाई न्हाई." बाई पुढं झाली. मामा रांगेतून निघाले आणि सरळ शेवटी, माझ्या मागं येऊन उभे राहिले.

मला बघून जरा ओशाळले. "गिऱ्हाईक म्हून आलं तर कोन काय म्हनतंय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला तर रीतभात न्हाई ना कायी."

"न्हाई की," मी म्हटलं.

गल्ल्यावर सुमन एकेक अंडं उचलत होती, कागदात गुंडाळत होती, सुटे पैसे दोनदोनदा मोजत होती. जेवढी चटपटीत पोरगी, तेवढी ती त्या दिवशी संथ झाली होती. लोक कुरकुरत होते. तिनं मान वर केली, रांगेच्या शेवटी बघितलं आणि परत हळूहळू गुंडाळायला लागली. माझ्या लक्षात आलं, हे आजचं नाही. हे लग्न झाल्यापासून दर रविवारी चाललं असणार.

माझा नंबर आला. मी मामांना म्हटलं, "तुमी व्हा म्होरं."

"नगं, नगं. तुमच्या घरी पाव्हने असतेल. घ्या तुमी."

"न्हाई वो. मलाबी घाई न्हाई," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग सुमनकडं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पोरगी जरा भरल्यावानी दिसायलीय," ते हळूच म्हणाले. "न्हाई?"

"भरलीय की. तोंडावर तेज आलंय."

"हौ," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं."

मागून एक सायकलवाला खेकसला, "म्हाताऱ्या, घ्यायचं का न्हाई तुला?"

"घे बाबा, तू घे," मामा म्हणाले, त्याला वाट करून दिली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.